वकीलपत्रावर पाच नावं, कोर्टात उभं कोण? आमच्या वकीलसाहेबांना खुलं पत्र

मा. भागीदार वकीलसाहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या ऑफिसातून मागच्या आठवड्यात जे उत्तर मिळालं त्यावर गप्प बसणं जमेना म्हणून हे लिहितोय. आम्ही लेखी विचारलं होतं की आमच्या केसवर नेमके कोणते वकील काम करतायत, त्यांची सनद (वकिलीचा परवाना) कधीची आहे, याआधी कुठल्या प्रकारच्या केसेस केल्या. तुमच्या मुन्शीने कागद परत हातात दिला आणि सांगितलं की साहेब म्हणाले अशी माहिती देता येत नाही, बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमात ती जाहिरात होते, आणि एवढाच भरोसा नसेल तर दुसरा वकील बघा. आता दुसरा वकील बघायचा तर आधी तुमची ना हरकत लागते, फाईलही तुमच्याच कपाटात, म्हणजे बघणार कसा? म्हणून चारचौघांत विचारतोय.

फर्मचं नाव लिहीत नाही. बदनामी करायची नाहीये, आणि जळगाव-धुळे-नंदुरबारात चार-पाच वकील एकत्र येऊन काढलेल्या अशा फर्म आता बऱ्याच झाल्यात, त्यातल्या कुणाला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटलं तर वाटू द्या.

आमचं काय अडकलंय ते आधी सांगतो. आमची शेती एरंडोल-पारोळा पट्ट्यातली, महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचा तुकडा गेला, विहीर गेली, लिंबाची झाडं गेली. अधिसूचना २०१५ च्या आधीची. मोबदला पटला नाही म्हणून नॅशनल हायवे कायद्याच्या ३-जी(५) खाली लवादाकडे गेलो, तिथे वर्षानुवर्षं तारखा पडल्या, आणि शेवटी निवाडा आला तो जवळपास होता तसाच. त्या निवाड्याविरुद्ध जिल्हा कोर्टात जायचं तर १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ३४ लागतं आणि त्याची मुदत फार कडक आहे, सही केलेली प्रत हातात पडल्यापासून तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर वरचे ३० दिवस, त्यापुढे एक दिवससुद्धा नाही. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच सांगून ठेवलंय की इथे मुदत कायद्याचं कलम ५, म्हणजे उशीर माफ करायचं कलम, चालत नाही. हे मला आज पाठ झालंय, पण तेव्हा आम्ही शेतकरी माणसं, आम्ही तुमच्या ज्युनियरला विचारलं तर तो बिनधास्त म्हणाला, काही नाही काका, उशीर झाला तरी उशीरमाफीचा अर्ज टाकू, दिवाणीत सगळं माफ होतं. त्याच्या भरवशावर तीन महिने उलटून गेले. पुढे धुळ्याच्या एका नातेवाइकाच्या वकिलाने सहज विचारलं म्हणून घाबरून धावपळ केली आणि त्या शेवटच्या ३० दिवसांत अर्ज कसाबसा दाखल झाला. आता सबळ कारण होतं का नव्हतं यावरच समोरची बाजू भांडतेय, जमिनीच्या भावावर एक शब्द अजून झालेला नाही.

तो पोरगा वाईट नाही. मेहनती आहे, तारखेला वेळेवर येतो, आमच्या घरातल्या वयस्कर आप्पांना पायरी चढताना हात देतो. पण नंतर कळलं की त्याचं सगळं काम चेक बाउन्सचं, १३८ च्या केसेसचं, लवादाचा कागद त्याने आमच्या आधी कधी हातात धरलेला नव्हता. यात त्याचा काय दोष, दोष त्याला तिथे उभं करणाऱ्याचा, आणि आम्हाला हे न सांगणाऱ्याचा. आम्ही तर मोठ्या साहेबांचं नाव ऐकून आलो होतो.

आणि याच फर्ममध्ये एक ताई बसतात, आतल्या खोलीत, फायलींच्या ढिगामागे. त्या मूळच्या नंदुरबारकडच्या, त्यांच्या घरात वकील म्हणून त्या पहिल्याच. महसूल कायदा त्यांना तोंडपाठ, आदिवासी जमिनीच्या ३६-अ च्या केसेस त्यांनी वर्षानुवर्षं केल्यात, सात-बारा हातात घेतला की फेरफार कुठे चुकलाय ते बोट ठेवून दाखवतात. आमच्या अर्जात ३० टक्के दिलाशाचा (जमीन सक्तीने घेतली म्हणून मोबदल्यावर मिळणाऱ्या जादा रकमेचा) मुद्दाच नव्हता हे त्यांच्याच लक्षात आलं. तरसेम सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१९ ला सांगितलं की हायवेसाठी गेलेल्या जमिनीलाही दिलासा रक्कम आणि व्याज द्यावं लागेल, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परत सांगितलं की हे आधीच्या संपादनांनाही लागू आहे, म्हणजे सरळ सरळ आमच्यासारख्यांना, आणि तेच आमच्या कागदात नव्हतं! त्यांनी घातलं. पण त्यांचं नाव बाहेरच्या बोर्डावर नाही. वकीलपत्रावर आहे ते सगळ्यात खाली पाचव्या नंबरवर. माझ्या चुलत बहिणीची पोटगीची केस तुमच्याकडेच चालू होती, तिला बाईमाणूस वकील हवी होती, पुरुषासमोर बोलायला तिची जीभ उचलत नव्हती, आणि तुमच्या एकाही माणसाने तिला सांगितलं नाही की आत एक ताई आहेत. जळगावला प्रतिभाताई पाटील वकिली करायच्या आणि १९६२ ला आमदार झाल्या, याला साठ वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून बाई वकिलाचं नाव पाचव्या नंबरवर टाकतोय.

आता तक्रारी मुद्द्याने.

पहिली, ती जाहिरातीची सबब. बार कौन्सिलचा नियम ३६ मी वाचलाय, म्हणजे एका ओळखीच्या लॉ कॉलेजच्या पोराकडून वाचून घेतलाय. वकिलाने जाहिरात करू नये, एजंट लावून काम मिळवू नये, बोर्ड वाजवी आकाराचा असावा, बोर्डावर मी अमुकचा अध्यक्ष होतो किंवा अमुक कामात स्पेशालिस्ट आहे असं लिहू नये, हे सगळं त्यात आहे आणि योग्य आहे. पण २००८ साली त्याच नियमात सुधारणा झाली आणि वेबसाइटवर वकिलाला आपलं नाव-पत्ता-फोन, सनदेचा नंबर आणि तारीख, कुठल्या बार कौन्सिलची सनद, कुठल्या बार असोसिएशनचा सभासद, शिक्षण, आणि कामाचं क्षेत्र एवढं द्यायला परवानगी मिळाली. मी जे विचारलं ते साधारण हेच. जे वेबसाइटवर अख्ख्या जगाला सांगायला चालतं ते स्वतःच्या पक्षकाराला, ज्याची फी घेतली त्याला, समोरासमोर सांगणं जाहिरात कशी होते? आणि गंमत म्हणजे तुमच्या वेबसाइटवर सनदेचा नंबर नाही, तारीख नाही, पण 'खान्देशातील अग्रगण्य, अनुभवी व तज्ज्ञ वकिलांची टीम' हे मात्र आहे, आणि व्हॉट्सअॅपवर तुमचे विजयाचे स्टेटस आणि रील्स येतात त्या वेगळ्याच. जिथे नियम अडवतो तिथे तुम्ही मोकाट आणि जिथे तो परवानगी देतो तिथे तोंड बंद. उलटं झालंय साहेब.

दुसरी तक्रार वकीलपत्राची. पाच नावं छापलेली, आम्ही खाली सही करतो, वेलफेअर फंडाचं तिकीट लागतं, झालं. त्यानंतर तारखेला कोण येईल ते देवाला माहीत. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, वेगवेगळी नावं दिसतात, एकदा तर आलेल्या वकिलाने आमच्यासमोरच आप्पांना विचारलं की तुमचा विषय काय आहे. आप्पा ऐंशीच्या घरात. ते खाली बसून एवढंच म्हणाले, "आते काय?" माणूस आजारी पडतो, दुसऱ्या कोर्टात अडकतो, कळतं आम्हाला, खान्देशात एकाच वकिलाला एकाच दिवशी अमळनेर आणि जळगाव दोन्हीकडे पळावं लागतं हे आम्ही बघतो. पण आदल्या दिवशी एक फोन करायला काय जातं?

तिसरी सगळ्यात नाजूक, म्हणून जपून लिहितो. शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याच्या निवाड्याची प्रत आमच्या हातात आली, त्यांचीही जमीन याच रस्त्यात गेलेली. त्यात समोरच्या बाजूने, म्हणजे मोबदला कमी ठेवा असं म्हणणाऱ्या बाजूने, हजर वकील म्हणून तुमच्याच फर्मच्या एका भागीदाराचं नाव. तेव्हा ते त्यांच्या पॅनलवर होते, आता नाहीत. यात बेकायदा काही झालं असं मी म्हणत नाही, आमच्या केसमध्ये ते समोरून कधीच उभे नव्हते. खरं तर त्या बाजूला काम केलेला माणूस आपल्याकडे असणं फायद्याचं, त्यांच्या मूल्यांकनाच्या खाचाखोचा त्याच्याइतक्या कुणाला माहीत? आधी सांगितलं असतं तर आम्ही कदाचित खूश होऊन त्यांनाच केस द्या म्हटलं असतं. पण ते आम्हाला तुमच्याकडून कळलं नाही, पारावर कळलं, आणि पारावर कळलेल्या गोष्टीला शेपूट फुटतंच, आता अर्धं गाव म्हणतं तुमचा वकील फुटलेला आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत १४ वा नियम आहे की काम घेतानाच, आणि पुढेही, पक्षकाराला सगळं मोकळेपणाने सांगायचं, समोरच्या पार्टीशी आपला काय संबंध, वादात आपला काय हितसंबंध, जेणेकरून हा वकील ठेवायचा की नाही हे पक्षकाराला ठरवता येईल. ठरवायचं आम्ही आहे. तुम्ही परस्पर ठरवून टाकलं की हे सांगण्यासारखं नाही.

चौथी, पैशाची. फी दिली, कोर्ट फी दिली, टायपिंग-झेरॉक्स-किरकोळ दिलं, पावती एकदाही नाही. मागितली की मुन्शी हसतो. नियमात आहे की पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवायचा, फी किती आणि खर्चापोटी किती ते वेगळं दाखवायचं, आणि मागितला तर त्या हिशेबाची नक्कल द्यायची. झेरॉक्सचे पैसे आम्ही देऊ. फाईलचंही तेच, फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय, आणि आमची तर फी बाकीही नाही.

तुम्ही म्हणाल, मोठा आला वकिलांची कुंडली मागणारा. आमच्याकडे चौकशीची पद्धत तुम्हाला माहीत आहे. नवीन माणूस दिसला की आप्पा पहिला प्रश्न विचारणार, "कोना पोऱ्या शे?" मग गाव कुठलं, मामाकूळ कुठलं, जात तर न विचारता काढून घेतात. तुमच्या ऑफिसातही आम्हाला पहिल्या दिवशी हीच माहिती मिळाली, हे साहेब अमक्या आमदारांचे साडू, ते साहेब तमक्या गावच्या पाटलांचे. भिंतीवर पुढाऱ्यांसोबतचे फोटो. त्या सगळ्यातून आम्हाला कळलं काय, तर तुमची पोच आहे. पण जज्जसाहेब काही साडूला विचारून निकाल देत नाहीत. याच जळगावातून उज्ज्वल निकम पुढे गेले, ते कोणाचे कोण हे आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कुठल्या केसेस चालवल्या ते अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. आम्हाला तशीच माहिती हवी. १९९० च्या आधीचे असाल तर पुणे विद्यापीठाची डिग्री, नंतरचे असाल तर जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची असेल किंवा बाहेरची, कुठलीही असो, तिच्यावरून आम्ही उच्च-नीच करणार नाही. सनद किती सालची. २००९-१० नंतर लॉ झालेल्यांना बार कौन्सिलची ऑल इंडिया परीक्षा पास व्हावी लागते, ती झालीय का. औरंगाबाद खंडपीठात कुणी उभं राहिलंय का, कारण आमची केस उद्या तिकडेच जाणार आहे. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती, पॅकिंगची तारीख सगळं छापलेलं असतं आणि ते नसेल तर कृषी अधिकारी दुकानदाराला धरतो, आणि इथे बापजाद्यांची जमीन ज्याच्या हातात देतोय त्याच्याबद्दल एक ओळ छापलेली नाही.

आणि हे विचारणं म्हणजे वकिलांवर अविश्वास असं कृपा करून म्हणू नका. १० एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टानेच वकिलांच्या डिग्र्या तपासायला निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली आणि विद्यापीठांना सांगितलं की पडताळणीची फी घेऊ नका. तिथे कुणी अपमान मानला नाही, मग शेतकऱ्याने विचारलं की का मानायचा?

अजून एक कारण आहे, आणि मला वाटतं ते सगळ्यात मोठं आहे. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला की वकिलाच्या कामात त्रुटी राहिली म्हणून पक्षकाराला ग्राहक कोर्टात जाता येणार नाही. ठीक आहे, वकिली धंदा नाही, व्रत आहे, निकाल मान्य. पण त्याचा आमच्यासाठी अर्थ असा की काम बिघडल्यावर भरपाईसाठी जाण्याचा जो एक सोपा, स्वस्त दरवाजा होता तो बंद झाला. गैरवर्तन असेल तर बार कौन्सिलकडे कलम ३५ ची तक्रार आहे, पण आमच्या ज्युनियरने केलं ते गैरवर्तन नाहीच, ते न येणारं काम अंगावर घेणं आहे, आणि त्यासाठी कुणाची सनद जावी असं मला मुळीच वाटत नाही. मग आमच्या हातात उरतं काय? वकील निवडायच्या आधी माहिती करून घेणं. तेवढंच उरलंय, आणि तेच तुम्ही देत नाही.

तर मागण्या. फार नाहीत.

एका कागदावर, मराठीत, फर्मच्या पाचही वकिलांची माहिती लिहा: नाव, सनद नंबर आणि साल, शिक्षण, बारची परीक्षा लागू असेल तर ती पास झाल्याचं, कुठल्या कोर्टात आणि कुठल्या प्रकारच्या केसेस प्रत्यक्ष चालवल्यात. तो कागद वकीलपत्रावर सही घ्यायच्या आधी पक्षकाराच्या हातात द्या, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. ताईंचं नाव त्यात त्यांच्या सनदेच्या ज्येष्ठतेप्रमाणे टाका, ती बघितली तर त्या दुसऱ्या नंबरवर येतात, पाचव्या नाही.

समोरच्या पार्टीचं, सरकारी खात्याचं, बँकेचं, विमा कंपनीचं काम आधी केलं असेल किंवा चालू असेल तर तसं लेखी कळवा. केळीच्या पीक विम्याच्या भांडणात रावेर-यावलकडचे शेतकरीही तुमच्याकडे येतात, त्यांनाही हे लागू.

केस नेमकं कोण चालवणार ते ठरवून सांगा, बदल होणार असेल तर आधी फोन. पैशाची पावती द्या.

आमच्या केसपुरतं म्हणाल तर कलम ३४ चा अर्ज यापुढे ताईंनी बघावा अशी आमची विनंती आहे, मोठे साहेब युक्तिवादाला उभे राहणार असतील तर उत्तमच. ते जमत नसेल तर ना हरकत आणि फाईल द्या, आम्ही हात जोडून निघून जाऊ, कोर्टात दिसलात तर नमस्कारही करू.

उत्तर दिवाळीच्या सुट्टीआधी द्यावं, लेटरहेडवर आणि सहीने, मुन्शीच्या तोंडी नको. १४ व्या नियमाचा मुद्दा आणि फाईलचा मुद्दा, या दोनवर उत्तर आलं नाही तर तेवढेच दोन मुद्दे आम्ही बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे लेखी पाठवू, त्याची एक प्रत तुम्हालाही देऊ. ज्युनियरचं नाव त्यात नसेल. आणि या पत्रावरून त्याला ऑफिसात कुणी बोलू नये एवढं बघा, पोरगं कामाचं आहे, त्याला फक्त ताईंच्या हाताखाली बसवा.

आपला,
एक पक्षकार
(सर्व्हे गट, केस नंबर, आप्पांचं नाव तुमच्या फाईलवर आहेच)